डाविंची रिझॉल्व्हमधलं फुकटचं फ्युजन: लग्नाचं मिक्सिंग करणाऱ्याचा आठ महिन्यांचा अनुभव

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात राहतो. काम लग्नाच्या शूटिंगचं अन् मिक्सिंगचं, म्हणजे व्हिडिओ जोडून इफेक्ट टाकायचं, सहा वर्षं झाली, सगळं ईडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर. आपल्याकडे मिक्सिंगमध्ये इफेक्ट म्हणजे नवरा-नवरी चंद्रात बसवायचे, गुलाबाच्या पाकळ्या उडवायच्या, नावं फिरत फिरत आणायची, अन् ते सगळं तयार प्रोजेक्टमध्ये मिळते, फोटो बदलला का झालं. त्यामुळे कम्पोझिटिंग हा शब्द ऐकला होता पण ते नक्की काय असते, म्हणजे वेगवेगळी शूट केलेली चित्रं एकाच चित्रासारखी जुळवणं, हे मागच्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. मग वडशाच्या एका नाटकवाल्या भाऊंचा फोन आला का सीझनचा प्रोमो पाहिजे, एक मिनिटाचा, अन् त्यात मेलेला राजा सकाळच्या धुक्यात वैनगंगेच्या पाण्यावर उभा दिसला पाहिजे. मी हो म्हणून बसलो. तिथून हे सुरू झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली का गावोगावी रात्रभर नाटकं चालतात, वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य ठिकाण, कंपन्यांची ऑफिसं तिथेच, बुकिंग तिथूनच. आधी पोस्टर अन् रिक्षावरचा भोंगा यावर भागायचं, आता सगळ्यांना मोबाइलवर व्हिडिओ पाहिजे. म्हणजे आमच्यासारख्यांना काम आहे, पण काम येत असलं पाहिजे.

आता सॉफ्टवेअरकडे येतो. डाविंची रिझॉल्व्ह हे ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियाच्या कंपनीचं, एडिटिंग अन् कलरसाठी बरेच जण वापरतात. त्याच्या खाली जी पानांची पट्टी आहे त्यात एक पान फ्युजनचं, कम्पोझिटिंग तिथे होते. फ्युजन हे आधी वेगळं सॉफ्टवेअर होतं, आयऑन नावाच्या कॅनडाच्या कंपनीचं, सिनेमावाले पैसे मोजून घ्यायचे. २०१४ मध्ये ब्लॅकमॅजिकनं ती कंपनी घेतली अन् २०१८ च्या रिझॉल्व्ह १५ पासून फ्युजन आतच बसवलं. म्हणजे जे फुकट मिळून राहिलं ते कोणी शिकाऊ पोरांसाठी बनवलेलं खेळणं नाही, खऱ्या कामाचं हत्यार आहे. मला हे उशिरा समजलं, मी फुकटचं आहे म्हणून सहा महिने हातच लावला नव्हता.

फुकट म्हणजे किती फुकट हे नीट सांगतो कारण यात लोकं फसतात. वॉटरमार्क येत नाही. गिऱ्हाइकाचं पैशाचं काम केलेलं चालते. ३८४० बाय २१६० पर्यंत एक्सपोर्ट निघते, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत. काय नाही मिळत तर व्हिडिओतले दाणे काढायचं नॉइज रिडक्शन नाही, माणूस आपोआप कापून देणारं मॅजिक मास्क नाही, अन् अशी काही टूल्स चुकून लावली तरच पडद्यावर शिक्का येतो. पैशाची आवृत्ती म्हणजे स्टुडिओ २९५ डॉलरला आहे, एकदाच भरायचे, महिन्याचं भाडं नाही. मी अजून घेतली नाही अन् शिकायसाठी तिची गरजही पडली नाही.

बाकीचे पर्यायही पाहिले होते. आफ्टर इफेक्ट्स महिन्याच्या पैशावर चालते, आमच्या धंद्यात पावसाळ्याचे चार महिने लग्नं नसतात, तेव्हा दर महिन्याला पैसे कापले गेले तर जमत नाही. न्यूक हे मोठ्या स्टुडिओंमध्ये चालणारं कम्पोझिटिंगचं सॉफ्टवेअर, त्याचं वर्षाचं लायसन्स लाखाच्या वर जाते. ते बनवणारे फाउंड्रीवाले त्याची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट देतात, ती चांगली आहे पण १९२० बाय १०८० पेक्षा मोठं काढता येत नाही अन् नावाप्रमाणेच त्यावर पैशाचं काम करायची परवानगी नाही. मला तर नाटकाचा प्रोमो द्यायचा होता. ब्लेंडर या फुकटच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्येही कम्पोझिटर आहे, पण मला एडिटिंग अन् हे एकाच ठिकाणी पाहिजे होतं. म्हणून फ्युजन.

इन्स्टॉलची फाइल काही जीबीची आहे, आमच्या गावात दिवसाच्या दीड जीबीच्या रिचार्जवर ते होणार नव्हतं, ब्रह्मपुरीला मित्राच्या दुकानातल्या वायफायवर उतरवून पेनड्राइव्हमध्ये आणलं. साइटवर नाव, ईमेल भरून मागतात, पैसे मागत नाहीत. माझा कॉम्प्युटर नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलेला जुना आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, चार जीबीचं ग्राफिक कार्ड. आठ जीबीवर फ्युजनचं पान उघडलं का दुसऱ्या-तिसऱ्या नोडला, म्हणजे एकेक काम करणाऱ्या डब्याला, बंद पडायचं. कंपनी स्वतःच सांगते का रिझॉल्व्हला १६ जीबी अन् फ्युजन वापरायचं असेल तर ३२ जीबी रॅम पाहिजे. मी १६ केली, अन् १०८० च्या कामाला १६ वर निभते, पुढे सांगतो कसं.

पहिल्या दिवशी फ्युजनचं पान उघडलं अन् मला काहीच समजलं नाही. वर दोन खिडक्या, खाली मोकळी जागा, त्यात दोन डबे, मीडियाइन अन् मीडियाआउट, मध्ये एक रेघ. टाइमलाइनवर एकावर एक पट्ट्या ठेवायची सवय असलेल्या माणसाला हे पाहून वाटते का पट्ट्या गेल्या कुठे. तीन दिवस मी ते बंद करून परत ईडियसवर गेलो. नंतर जे डोक्यात बसलं ते असं, का हे आपल्या शेतातल्या पाण्याच्या पाटासारखं आहे. नहराचं पाणी एका बाजूने येते, मध्ये जिथे जे करायचं ते करते, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाते, अन् शेवटच्या बांधीत जे पोचलं ते तुमचं चित्र. कोणत्याही डब्यावर क्लिक करून १ किंवा २ दाबलं का त्या जागेपर्यंत चित्र कसं झालं ते वरच्या खिडकीत दिसते. ही एक गोष्ट समजली अन् माझी भीती गेली, कारण कुठे बिघडलं हे शोधायला सगळं उकलावं लागत नाही, एकेक बांधीवर जाऊन पाहायचं का पाणी कुठे गढूळ झालं.

सगळ्यात महत्त्वाचा डबा म्हणजे मर्ज. एकावर एक चित्र ठेवायचं काम तो करतो. त्याला पिवळट नारंगी तोंड मागच्या चित्रासाठी, हिरवं तोंड पुढच्यासाठी अन् निळं मास्कसाठी, म्हणजे कोणता भाग दाखवायचा ते ठरवणाऱ्या आकारासाठी. यात नवीन माणूस हमखास जिथे अडकते ते सांगतो, मर्जमधून निघणाऱ्या चित्राची साइज मागच्या चित्रावरून ठरते. मी उलटं जोडलं होतं, राजा मागे अन् नदी पुढे, मोबाइलवर उभा शूट केलेला राजा असल्यामुळे नदी दोन्ही बाजूंनी कापली जायची अन् मी अर्धी रात्र साइजच्या सेटिंगमध्ये शोधत बसलो. तोंडं अदलाबदल केली का झालं. शिफ्ट अन् स्पेस दाबून टूलचं नाव टाइप केलं का टूल सापडते, मेनूत फिरत बसू नका.

आता शूटिंगचं, कारण माझ्या मते शिकणाऱ्याचं निम्मं नुकसान इथेच होते अन् सॉफ्टवेअरच्या नावानं बोटं मोडली जातात. आम्ही मंडपवाल्याकडून हिरवं कापड आणलं, चकाकणारं पॉलिस्टरचं, शाळेच्या व्हरांड्यात लावलं, कलाकाराला राजाचा ड्रेस घालून उभं केलं. घरी येऊन डेल्टा कीयर, म्हणजे कापडाचा रंग ओळखून तेवढा भाग काढून टाकणारं टूल, लावला, ड्रॉपर ओढून कापडावर सोडला, अन् कापड गेलं तसा राजाच्या छातीतूनही तिरपा पट्टा गेला, त्यातून नदी दिसून राहिली होती. त्याच्या शेल्याला हिरवे काठ होते. चौघंजण तिथे उभे होतो, कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

दुसऱ्यांदा निळं कापड घेतलं, सुती, चमक नसलेलं. हिरवंच सगळे काहून वापरतात त्याला कारण आहे, कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल अन् एक निळा असतो, कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही बहुतेक मोबाइलमध्ये आहे. म्हणून हिरव्या चॅनलमध्ये दाणे कमी अन् कड साफ निघते. निळ्यामध्ये दाणे जास्त, त्यामुळे उजेड भरपूर ठेवावा लागते. पण ड्रेसमध्ये हिरवं असेल तर निळ्याशिवाय इलाज नाही, अन् आमच्या नाटकाच्या ड्रेसांमध्ये हिरवं नसलेला राजा सापडणं कठीणच. कापड घट्ट ताणून, सुरकुती काढून, कलाकार कापडापासून निदान सहा-सात फूट पुढे, नाहीतर कापडाचा रंग त्याच्या खांद्यावर, कानावर चढतो अन् तो काढता काढता तोंड आजाऱ्यासारखं दिसायला लागते.

अजून एक, मोबाइलचा व्हिडिओ. १९२० बाय १०८० लिहिलेलं असते पण त्यात उजेड-अंधाराची माहिती तेवढी असते, रंगाची माहिती ९६० बाय ५४० एवढीच साठवलेली असते, जागा वाचवायसाठी. अन् की, म्हणजे रंग ओळखून कापड काढणं, तर रंगावरच चालते. म्हणून केसांच्या, दाढीच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. हे समजल्यावर मी स्वतःला दोष देणं बंद केलं अन् कलाकाराला फ्रेममध्ये मोठा घ्यायला लागलो, मोबाइल आडवा न धरता उभा धरून, म्हणजे माणसावर जास्त ठिपके पडतात. शिवाय मोबाइल फ्रेम रेट कमी-जास्त करतो, कधी तीस, कधी अठ्ठावीस, त्यामुळे ट्रॅकिंग, म्हणजे हलत्या गोष्टीचा फ्रेमगणिक माग काढणं, मध्येच सरकते. आधी हँडब्रेकसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट कायम करून घ्यायचा अन् मगच आत आणायचं. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर माझे दोन आठवडे वाचले असते, म्हणून इथे लिहून राहिलो.

डेल्टा कीयर मला फार आवडला. त्याच्या मागचं तत्त्व जुनं आहे, पेट्रो व्लाहोस नावाच्या माणसानं १९५० च्या दशकाच्या शेवटी फिल्मवर काढलेलं, का निळ्यातून बाकीचे रंग वजा करून किती निळं उरते ते पाहायचं अन् त्यावरून किती पारदर्शक करायचं ते ठरवायचं. टूलमध्ये रंग घेतला का नजर चित्रावर ठेवू नका, खिडकीवर क्लिक करून ए दाबा, फक्त काळं-पांढरं दिसते, तो अल्फा. पांढरं म्हणजे राहणार, काळं म्हणजे जाणार, करडं म्हणजे अर्धवट. मॅटच्या टॅबमध्ये थ्रेशोल्डची पट्टी आहे, तिचे दोन्ही टोकं थोडे थोडे आत सरकवायचे. थोडे म्हणजे खरंच थोडे. मी सुरुवातीला सगळं करडं मारून टाकलं, वाटलं साफ झालं, अन् राजाची दाढी कात्रीनं कापलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली. करडं दाढीत पाहिजेच, केसांच्या मधून मागचं दिसते ते त्या करड्यामुळेच. छातीत, पोटात करडं नको. म्हणून दोन कीयर लावायचे, एक कडक, आतल्या भागासाठी, एक मऊ, कडांसाठी. हे शिकल्यावर कामात एकदम फरक पडला. सी दाबलं का परत रंगीत दिसते.

अन् ज्या पांढऱ्या रेघेनं मला रडवलं तिचंही सांगतो. की चांगली झाली, राजा नदीवर ठेवला, त्याला थोडा उजळ केला अन् त्याच्या अंगाभोवती बारीक चमकती रेघ आली. कारण असं का कीयरमधून निघालेल्या चित्रात कडेचे ठिपके आधीच अल्फानं गुणलेले असतात, अर्धपारदर्शक ठिपका आधीच अर्धा काळा केलेला असतो. त्यावर गॅमा किंवा लिफ्ट, म्हणजे चित्र उजळ करायच्या पट्ट्या, चढवली तर त्या अर्ध्यावरच चढते अन् कड चमकते. कलरच्या टूलमध्ये प्री-डिव्हाइड, पोस्ट-मल्टिप्लाय असा एक छोटा चौकोन आहे. त्यावर टिक केली का टूल आधी भाग देते, मग रंग बदलते, मग परत गुणते. रेघ गेली. मी त्या दिवशी रात्री एक वाजता मायला उठवून दाखवलं होतं.

पण एवढं करूनही राजा नदीवर उभा वाटत नव्हता. चिकटवलेला वाटायचा. माझे मोठेबाबा, वय बहात्तर, जवानीत नाटकाचे पडदे रंगवायचे, राजवाड्याचा, जंगलाचा, रस्त्याचा. ते बाजेवर बसून पाहत होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "काय गा, हा पाण्यावर उभा हाय ना? मंग पाण्याले तं मालूमच नाई पडून रायलं."

मी म्हटलं, "म्हणजे काय जी?"

"त्याच्या पायाखालचं पाणी पाय ना. जसंच्या तसं हाय. आम्ही पडद्यावर खांब काढला तं खांबाच्या बुडाशी जमीन काळी करो, नाई तं तो खांब हवेत लोंबे."

मग मी राजाचा नोड अजून एकदा ओढला, म्हणजे त्याच डब्यातून दुसरी रेघ काढली, हे नोडमध्ये किती सोपं आहे बघा, कॉपी करायची गरज नाही. ट्रान्सफॉर्म लावून उभा उलटा केला, पायाला पाय जुळवले, ब्लर दिला, फास्ट नॉइज अन् डिस्प्लेस लावून प्रतिबिंब पाण्यासारखं हलवलं, मर्जमध्ये ब्लेंड कमी करून ठेवलं. पायाजवळ एक लहान पॉलिगॉन काढून कड मऊ करून तेवढं पाणी थोडं काळं केलं. मोठेबाबांनी पाहिलं अन् म्हणाले, "आता उतरला खाली." तरी त्यांना दाढी पटत नव्हती, म्हणे लय काळी दिसते. त्यांचं बरोबर होतं. फ्युजनमध्ये माउस चित्रावर नेला का खाली त्या ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा आकडे दिसतात. धुक्यातल्या नदीचा सगळ्यात काळा भाग, पलीकडच्या काठावरची झाडं, तिथे आकडे ०.०६, ०.०७, ०.०९ होते. राजाच्या दाढीत ०.०१. धुक्यात काळं काळं राहत नाही, निळसर करडं होते. ब्राइटनेस कॉन्ट्रास्टमध्ये लिफ्ट वाढवून, निळा थोडा जास्त ठेवून, दाढी झाडांच्या आकड्यांजवळ नेली अन् राजा धुक्यात गेला. मला वाटते कम्पोझिटिंग मला त्या संध्याकाळी समजलं, त्याआधी मी फक्त बटणं दाबत होतो.

उजेडाच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअरनं वाचवलं नाही. नदीवर सकाळचा सूर्य उजवीकडून, खाली, पिवळा. शाळेच्या व्हरांड्यात उजेड समोरून, पांढरा. किती रंग बदलला तरी सावली नाकाच्या चुकीच्या बाजूला पडलेली, ती कशी बदलणार. कलाकाराला परत बोलावलं, बिचारा धानाचं चुरणं सोडून आला, उजवीकडून एक हॅलोजन अन् डावीकडे थर्माकोल लावला. म्हणून आता मी आधी मागचं चित्र शूट करतो, कुठून उजेड येते, कॅमेरा किती उंचीवर होता हे वहीत लिहितो, मगच माणसाचं शूट लावतो.

आता तक्रारी. फ्युजन जड आहे, यात शंकाच नाही. दहा-पंधरा नोड झाले का चालवून पाहताना अडखळते. मी प्लेबॅक मेनूत टाइमलाइनचं प्रॉक्सी रेझोल्यूशन अर्धं करतो अन् रेंडर कॅश स्मार्टवर ठेवतो, म्हणजे लाल पट्टी निळी होईपर्यंत थांबायचं अन् मग नीट चालते. मोबाइलच्या फाइल आधी डीएनएक्सएचआर या एडिटिंगला सोप्या जाणाऱ्या प्रकारात बदलून घेतल्या तर अर्धा त्रास कमी होते, जागा मात्र भरपूर खाते, त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क ठेवा. दुसरं म्हणजे लाइट. आमच्याकडे लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही, यूपीएस पाच मिनिटं धरते. काम आपोआप साठवणारं लाइव्ह सेव्ह चालू असल्यामुळे आठ महिन्यांत एकदाही काम गेलं नाही, हे मी मनापासून मानतो, ईडियसवर माझे दोन अख्खे अल्बम गेले होते. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन प्रोजेक्ट बॅकअपवरही टिक आहे का ते पाहून घ्या.

तिसरी तक्रार, अचानक बंद पडते. डिस्प्लेस अन् टेक्स्ट एकत्र जास्त झाले का माझ्याकडे हमखास. अन् चौथी, शिकायचं साहित्य जवळपास सगळं इंग्रजीत. ब्लॅकमॅजिकच्या साइटवर ट्रेनिंगचं जाडजूड पुस्तक पीडीएफमध्ये फुकट आहे, सोबत सरावाच्या क्लिपा पण, मी ते शब्दकोश घेऊन एकेक पान वाचलं, तीन महिने लागले, पण त्यात पायरी चुकत नाही. व्हिडिओ पाहून शिकताना होते असं का समोरच्यानं केलं तसं आपण करतो अन् काहून केलं ते राहून जाते. सरावासाठी अजून एक चांगली जागा सांगतो, ब्लेंडर फाउंडेशननं २०१२ मध्ये टियर्स ऑफ स्टील हा लहान सिनेमा काढला अन् त्याचं शूट केलेलं मूळ साहित्य, हिरव्या पडद्यासकट, सगळ्यांसाठी खुलं केलं. फाइली फार मोठ्या आहेत, दोन-चार शॉटच उतरवा, पण चांगल्या कॅमेऱ्यावरची हिरवी की कशी निघते हे एकदा पाहिलं का मोबाइलच्या फुटेजमध्ये काय कमी आहे ते डोळ्यांना कळते.

क्लासबद्दल विचारणारे खूप आहेत म्हणून लिहितो. मी स्वतः नागपूरच्या एका क्लासमध्ये चौकशीला गेलो होतो, नाव लिहीत नाही. पंच्याऐंशी हजार फी, नोकरी शंभर टक्के म्हणाले. मी विचारलं का प्रीमल्टिप्लाय, म्हणजे ते अल्फानं गुणणं, केव्हा शिकवता, तर समोरच्या सरांनी ते आमच्या सिलॅबसमध्ये नाही म्हटलं. ज्या गोष्टीमुळे मला पांढरी रेघ आली होती तीच सिलॅबसमध्ये नाही. वडिलांनी एक एकर गहाण ठेवू का म्हणून विचारलं होतं, मी नाही म्हटलं. सगळे क्लास तसे असतात असं नाही, चांगला शिकवणारा भेटला तर वर्षाचं काम तीन महिन्यांत होते, पण पैसे भरायच्या आधी त्यांच्याच विद्यार्थ्याचा एक शॉट मागा अन् खिडकीचा उजेड वाढवून कडा पाहा. अन् शंभर टक्के नोकरी कोणी देऊ शकत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत सिनेमाचे इफेक्ट करणारी टेक्निकलरसारखी मोठी कंपनी बंद पडली, बेंगळुरू अन् मुंबईची किती तरी शिकलेली, अनुभवी माणसं एका दिवसात घरी बसली. ज्याला नोकरीसाठी शिकायचं त्यानं हे माहीत असू द्यावं अन् मग ठरवावं.

स्टुडिओत जायचं असेल तर तिथे न्यूकच विचारतात, अन् पहिलं काम रोटोचंच मिळते, म्हणजे दिवसभर माणसाभोवती रेघ ओढणं. फ्युजनचा पॉलिगॉन वापरून तो हात बसते. माणूस एका आकारात कापू नका, डोकं वेगळं, दंड वेगळा, पंजा वेगळा, धोतराचा सोगा वेगळा, अन् हालचाल जिथे दिशा बदलते त्या फ्रेमवर आधी कीफ्रेम लावायची, म्हणजे आकार तिथे पक्का करायचा, मधलं मग भरायचं. मी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, व्हिडिओतल्या बैलजोडीवर सराव केला, चारशे फ्रेम, आठ पाय, दोन शेपट्या, नऊ दिवस लागले अन् शेपटीचा गोंडा अजूनही हलतो. पण नऊ दिवसांनंतर माणसाचा रोटो मला सोपा वाटायला लागला. फ्युजनवर सहा महिने झाले का न्यूकची फुकटची आवृत्ती टाकून पाहा, मी टाकली, मर्ज तिथेही मर्जच आहे, पुढच्याला ए अन् मागच्याला बी म्हणतात, पॉलिगॉनच्या जागी रोटो, कीयरच्या जागी कीलाइट, ट्रॅकर तो ट्रॅकरच. डोकं तेच चालते, बोटांना आठवडाभर लागतो.

तर घ्यावं का? ज्याच्याकडे १६ जीबी रॅम आहे, चार जीबीचं ग्राफिक कार्ड आहे अन् रोज दोन तास बसायची तयारी आहे त्यानं डोळे झाकून घ्यावं, पाचपैकी साडेचार. अर्धा जडपणासाठी कापला. ज्याला फक्त लग्नाच्या पाकळ्या उडवायच्या आहेत त्यानं यात पडू नये, ईडियस चांगलं आहे. आठ जीबीचा लॅपटॉप असेल तर आधी रॅम घ्या, सॉफ्टवेअर नंतर, नाहीतर राग सॉफ्टवेअरवर निघेल.

प्रोमो शेवटी ठरलेल्या तारखेपेक्षा अकरा दिवस उशिरा दिला. वडशाच्या भाऊंनी दोनदा पाहिला अन् विचारलं का नदीत जाऊन शूट केलं का. या वर्षी तीन मंडळ्यांचं काम आधीच आलं आहे, एकात देवी आकाशातून उतरते, मोकळ्या केसांनी. आता रोवण्याचे दिवस, लग्नं नाहीत, म्हणून त्या केसांचीच चाचणी घेऊन राहिलो. बहिणीला निळ्या कापडासमोर उभं करून पंखा लावला आहे, कापडाची रिकामी फ्रेम वेगळी घेऊन क्लीन प्लेटनं कीयरला जोडली, त्यामुळे कापडाचा कमी-जास्त उजेड हिशोबात आला अन् बारीक केस बरेच टिकले. कानामागच्या बटेत अजून निळं राहून राहिलं. कोणी मोबाइलच्या फुटेजवर मोकळे केस साफ काढले असतील तर कापड कोणतं होतं अन् लाइट कुठे ठेवला होता तेवढं नक्की लिहा.